पाण्यात माणूस, वर बोट: मालवणला स्कूबा करणाऱ्यांचे आणि करवणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

मालवण, तारकर्ली किंवा देवबागला स्कूबासाठी येणाऱ्यांचे पहिले दोन प्रश्न ठरलेले असतात: किती पैसे, आणि मासे दिसतील का? तिसरा बहुतेक वेळा शार्कचा. ज्या बोटीतून जायचं आणि जिच्या शेजारी अर्धा तास पाण्यात तरंगायचं, तिच्याबद्दल क्वचितच कोणी विचारतं. म्हणून हे पान मासे आणि प्रवाळ बाजूला ठेवून फक्त बोटीबद्दल आहे. काही उत्तरं पर्यटकांसाठी आहेत, काही तांडेल (बोट चालवणारे) आणि खलाशांसाठी. दोघांनीही दोन्ही वाचली तर बरं.

धोका खोल पाण्यात असतो ना? मग बोटीची एवढी चर्चा कशाला?

पहिल्यांदाच पाण्यात उतरणाऱ्यांना सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास जिथे नेतात, तिथलं पाणी फार खोल नसतं. ‘पॅडी’ या प्रशिक्षण संस्थेच्या नियमातही अशा तोंडओळखीच्या डाइव्हची कमाल मर्यादा १२ मीटर आहे. खाली गेल्यावर प्रशिक्षक तुम्हाला धरून असतो, हवा त्याच्या नजरेखाली असते आणि तुमचं सगळं लक्ष स्वतःच्या श्वासावर असतं. आउटबोर्ड मशीनचा, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावलेल्या इंजिनाचा, पंखा पाण्यात जेमतेम अर्धा-पाऊण मीटर खाली फिरतो, त्यामुळे पाच मीटर खाली असलेल्या माणसापर्यंत तो पोचत नाही.

पंखा पोचतो तो वरच्या मीटर-दीड मीटरमध्ये, आणि तिथे तुम्ही तीनदा असता: उतरताना, वर येताना, आणि वर आल्यावर शिडीची वाट बघत तरंगताना. यातली तिसरी वेळ सगळ्यात वाईट. मास्कवर वाफ धरलेली असते, कानात पाणी असतं, पाठीवर सिलिंडर असतो आणि तोंड बोटीच्या उलट दिशेला असतं. बोटीवरच्यांना मात्र वाटतं की डाइव्ह झाली, आता काय राहिलं! कोणी दोरी गोळा करायला लागतो, कोणी मशीनकडे वळतो.

मशीन न्यूट्रलमध्ये आहे, एवढं पुरे नाही का?

नाही. याच एका मुद्द्यावर सगळ्यात जास्त वाद होतो, म्हणून जरा सविस्तर.

न्यूट्रलमध्ये पंखा थांबलेला दिसला तरी तो आणि चालू इंजिन यांच्यात फक्त एक लिव्हर असतो. गर्दीच्या बोटीत त्या लिव्हरला कोणाचं ढोपर लागतं, कोणाची पिशवी अडकते, लाटेने तोल गेलेला माणूस त्यालाच धरतो. गिअर झिजलेला असेल तर न्यूट्रलमध्येही पंखा हळूहळू फिरत राहतो आणि वरून ते कळत नाही. तीन पात्यांचा पंखा मिनिटाला ३,२०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला साधारण ५३ फेरे होतात. म्हणजे एका सेकंदात पातं १६० वेळा फिरून येतं. ‘पटकन हात मागे घेतला’ ही गोष्ट त्या वेगात होऊच शकत नाही.

म्हणून शिस्त अशी हवी: पाण्यातला माणूस बोटीपासून पाच-सहा मीटरवर आला की मशीन पूर्ण बंद, आणि किल-स्विचची (मशीन झटकन बंद करणाऱ्या बटणाची) दोरी काढून तांडेलाच्या हातात. शेवटचा माणूस वर येऊन बसेपर्यंत आणि मोजणी होईपर्यंत मशीन पुन्हा चालू करायचं नाही. पाण्यातल्या प्रशिक्षकानेही शिडीला हात लावण्याआधी वर बघून ओरडून विचारावं, “मशीन बंद केलंस काय?” वरून तोंडी उत्तर आल्याशिवाय पुढे सरकू नये. मान डोलावली, याला उत्तर म्हणत नाहीत.

तांडेल यावर सांगतात की लाट खडपावर (खडकावर) ढकलत असेल तर मशीन बंद ठेवून चालत नाही. बरोबर आहे. पण मग माणसांना तिथे बोटीजवळ बोलवायचंच नाही. बोट मोकळ्या पाण्यात न्यायची, तरंगती बोया बांधलेली लांब दोरी सोडायची, माणसांनी ती धरायची आणि खडपापासून दूर आल्यावर मशीन बंद करून त्यांना वर घ्यायचं. पाण्यातल्या माणसाकडे जाताना बोटीचं तोंड वाऱ्याकडे ठेवून सावकाश यावं, म्हणजे मशीन बंद करताच बोट आपोआप थांबते आणि वाऱ्याने त्याच्या अंगावर ढकलली जात नाही. माणूस तांडेलाला दिसेल त्याच बाजूला ठेवायचा. आणि रिव्हर्स घेत माणसाजवळ जायचं नाही, कारण तेव्हा सगळ्यात पुढे पंखा असतो.

किल-स्विचची दोरी मशीनला नुसती लटकवून ठेवायची वस्तू नाही. चालवणारा पाण्यात पडला तर ती ओढली जाऊन मशीन बंद पडतं. ती बांधलेली नसेल तर रिकामी बोट गोल-गोल फिरत त्याच्याच अंगावर परत येऊ शकते. अमेरिकेत २६ फुटांखालच्या बोटींना ती वापरणं १ एप्रिल २०२१ पासून सक्तीचं झालं. आपल्याकडे सक्तीची वाट कशाला बघायची?

पंख्याला जाळी बसवली तर?

बसवावी. कापलं जाण्याचा धोका कमी होतो. पण बोटीचं वजन आणि वेग तोच राहतो, त्यामुळे डोक्याला बसणारा मार तोच. शिवाय जाळी आहे म्हणून मशीन चालू ठेवलं, तर मिळवलेलं सगळं गेलं.

पाण्याखाली बोटीचा आवाज येतोच की. आपण बाजूला होऊ शकत नाही का?

आवाज येतो, पण कुठून येतो ते कळत नाही. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, समुद्राच्या पाण्यात १,५०० च्या आसपास. एका कानाला आवाज आधी आणि दुसऱ्याला किंचित उशिरा पोचतो, त्या फरकावरून मेंदू दिशा ठरवतो. पाण्यात तो फरक चौपटीहून जास्त आक्रसतो आणि आवाज चहूबाजूंनी आल्यासारखा वाटतो. अर्धा किलोमीटर लांबची बोट डोक्यावर वाटते, आणि डोक्यावरच्या बोटीचं मशीन बंद असेल तर ती मुळीच ऐकू येत नाही.

वर येताना आवाज ऐकू आला तर थांबायचं. हवा पुरेशी असेल तर पाच मीटरच्या आसपास स्थिर राहून आवाज लांब जाऊ द्यायचा. तिथे तसाही तीन मिनिटांचा सुरक्षा-थांबा घेतात, त्यात आणखी दोन मिनिटं गेली तर बिघडत नाही. मग एक हात डोक्यावर उंच धरून, वर बघत, हळूहळू स्वतःभोवती गोल फिरत वर यायचं.

हे सर्टिफाइड डायव्हरसाठी. पहिल्यांदा उतरलेल्यांनी एवढंच करायचं: श्वास चालू ठेवायचा आणि प्रशिक्षकाचा हात सोडायचा नाही. घाबरून श्वास रोखून वर झेप घेतली तर फुफ्फुसातली हवा फुगते, आणि ही इजा अगदी उथळ पाण्यातही होऊ शकते. बोट न लागताही बोटीच्या भीतीने अपघात होतो, तो असा.

लाल झेंड्यावर पांढरा तिरका पट्टा असतो, तो कशाचा? काही बोटींवर निळा-पांढरा का?

दोन्हींचा अर्थ जवळपास एकच. लाल झेंड्यावरचा तिरका पांढरा पट्टा अमेरिकेत १९५० च्या दशकात सुरू झाला आणि हौशी डायव्हिंगमुळे जगभर पसरला. निळा-पांढरा, टोकाला खाच असलेला झेंडा आंतरराष्ट्रीय संकेतांतला ‘अल्फा’ आहे. ‘माझा माणूस पाण्याखाली आहे, लांब राहा, वेग कमी ठेवा’ असं तो सांगतो. मोठ्या जहाजांचे कप्तान अल्फा ओळखतात, पर्यटक लाल ओळखतो. दोन्ही लावा. रात्रीच्या डाइव्हला झेंड्याचा उपयोग नाही, तेव्हा आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे एकाखाली एक लाल, पांढरा, लाल असे तीन दिवे सगळीकडून दिसतील असे लावायचे असतात.

झेंड्यापासून किती लांब राहायचं, याचा एक स्पष्ट नियम फ्लोरिडात आहे. मोकळ्या पाण्यात ३०० फूट, नदी, खाडीचं तोंड किंवा बोटींच्या वाटेत १०० फूट. त्याच्या आत आलंच तर अगदी संथ. डायव्हरनेही झेंड्यापासून तेवढ्याच अंतरात वर यायचा प्रयत्न करायचा असतो. ३०० फूट ऐकायला खूप वाटतं, पण २० नॉटने (ताशी सुमारे ३७ किलोमीटर) येणारी स्पीडबोट तेवढं अंतर नऊ सेकंदांत कापते.

मग झेंडा लावला की आपण सुरक्षित?

झेंडा काही अडवत नाही. मेक्सिकोत कोझुमेलजवळ १८ डिसेंबर २००० रोजी ब्रिटिश गायिका कर्स्टी मॅकॉल मुलांबरोबर डाइव्ह करून वर येत होती. ज्या भागात वेगवान बोटींना यायलाच मनाई होती, तिथे एक स्पीडबोट शिरली. मुलाला वाटेतून ढकलताना ती स्वतः बोटीखाली सापडली आणि जागीच गेली. जागा राखीव होती, नियम होता. तरीही बोट आलीच.

आपल्याकडे वेगळाच घोळ आहे. झेंडा सकाळी एकदा चढतो तो संध्याकाळपर्यंत तसाच फडफडत राहतो, बोट जेटीला लागलेली असतानाही. दिवसभर दिसणाऱ्या झेंड्याकडे दुसरा तांडेल का लक्ष देईल? माणूस पाण्यात उतरताना झेंडा वर, शेवटचा माणूस बोटीत आला की खाली. एवढं पाळलं तरी त्या कापडाला किंमत येईल. विटून गुलाबी झालेला झेंडा बदलायला तर काहीच हरकत नाही.

किल्ल्याजवळ एकाच ठिकाणी इतक्या बोटी असतात. तिथे काय करता येईल?

मालवणचा खरा प्रश्न हा आहे. मे महिन्यात किंवा नाताळच्या सुट्टीत तिथे डाइव्हच्या बोटी नांगरलेल्या, स्नॉर्केलिंगवाले त्यांच्या आजूबाजूला, किल्ल्यावर जाणाऱ्या-येणाऱ्या बोटी शेजारून, आणि पॅकेजमध्ये स्कूबाबरोबर जेट-स्की, बनाना राइड आणि पॅरासेलिंगही असल्याने वेगवान बोटीही फार लांब नाहीत. प्रत्येक जण आपापल्या माणसांवर लक्ष ठेवतो, पण वर येणारा माणूस दुसऱ्याच बोटीजवळ येऊ शकतो. पाणी गढूळ असलं, थोडा ओढा (पाण्याचा प्रवाह) असला की प्रशिक्षकालाही नेमकं आपल्या शिडीपाशी वर येता येत नाही.

सरकारी नियमांची वाट न बघता बोटवाल्यांना आपापसात ठरवता येतील अशा काही गोष्टी आहेत. नांगरलेल्या दोन बोटींमधून तिसऱ्या बोटीने कधीच जायचं नाही, वळसा लांब पडला तरी. यायची वाट एकाच बाजूने, जायची दुसऱ्या बाजूने. शंभर मीटर आधीपासून वेग इतका कमी की मागे फेस उठता कामा नये. आपल्या बोटीची माणसं वर आलेली असली तरी शेजारच्या बोटीचा झेंडा वर असेल तर मशीन सुरू करण्याआधी त्याला हाक मारून विचारायचं. जेट-स्की आणि बनाना राइडची हद्द बोयांनी वेगळी करायची, आणि ती खरोखर वेगळी हवी. नकाशावर वेगळी आणि पाण्यात एकच, असं नको.

नांगराचंही बघायला हवं. आधीच माणसं खाली असलेल्या जागी येऊन आंधळेपणाने नांगर टाकणं म्हणजे कोणाच्या तरी डोक्यावर लोखंड टाकणं. टाकण्याआधी मशीन बंद करून पाण्यावर बुडबुडे येतायत का ते बघावं. सकाळच्या शांत पाण्यात ते स्वच्छ दिसतात, दुपारी लाटांत दिसत नाहीत, तेव्हा जास्तच सावध राहावं. शिवाय मालवणचा हा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. रोज नांगर पडला की ज्या प्रवाळासाठी पर्यटक येतो, त्याचाच चुरा होतो. कायमच्या बांधलेल्या बोया असल्या की नांगरही टळतो आणि कोणती बोट कुठे उभी राहणार हेही आधी ठरतं.

सगळे पाण्यात गेल्यावर बोटीवर कोण थांबतं?

हा प्रश्न विचारणारा पर्यटक मला आवडतो.

बोटीवर किमान दोन जाणती माणसं हवीत: एक मशीन चालवू शकणारा, दुसरा फक्त पाण्याकडे बघणारा. त्या दुसऱ्याचं काम कंटाळवाणं आहे आणि ते कंटाळवाणंच राहायला हवं. त्याने व्हिडिओ काढायचे नाहीत, पुढच्या गिऱ्हाइकाशी फोनवर भाव ठरवायचा नाही, उलटी होणाऱ्या पाहुण्याला लिंबू द्यायलाही शक्यतो दुसऱ्याने उठावं. बुडबुडे कुठे सरकतायत, वाऱ्याने बोट कुठे वळतेय, कोणती बोट आपल्या दिशेने येतेय, हे सगळं त्याच्या नजरेत हवं. येणारी बोट वेग कमी करत नसेल तर शिट्टी आणि हात हलवून तिला वळवायचं. बोलावणं कसं द्यायचं हेही आधी ठरलेलं असावं, म्हणजे शिडीवर लोखंडाने ठरावीक ठोके मारले की खालच्यांनी वर यायचं. पाण्याखाली हे ठोके लांबवर ऐकू जातात, आणि इथे दिशा कळायची गरजही नसते.

कमी खर्चात धंदा करायचा म्हणून कमी केला जातो तो नेमका हाच माणूस. तांडेल एकटाच राहतो, तोच शिडी धरतो, तोच फोटो काढतो, तोच मशीन बघतो. असं दिसलं तर दुसरी बोट बघा.

माणसं मोजण्यात अवघड ते काय?

२५ जानेवारी १९९८ ला ऑस्ट्रेलियात ग्रेट बॅरियर रीफच्या सेंट क्रिस्पिन रीफवर २६ प्रवाशांची एक डाइव्ह-बोट गेली. परत निघताना एक अमेरिकन जोडपं अजून पाण्यात होतं. मोजणी झाली, आकडा जुळला असं समजून बोट निघून गेली. दोन दिवसांनी बोटीवर त्यांची पिशवी सापडली तेव्हा कुठे ते मागे राहिल्याचं लक्षात आलं. त्यांचं काही सामान किनाऱ्याला लागलं, ती दोघं कधीच सापडली नाहीत. कप्तानावर खटला चालला, तो निर्दोष सुटला. क्वीन्सलँडने मात्र नियम कडक केले. आज तिथे जागा सोडण्याआधी माणसं मोजून त्याची लेखी नोंद ठेवावी लागते.

डोकी मोजण्यात गोची अशी की माणसं हलत असतात. मोजणी चालू असताना कोणी पुन्हा पाण्यात उडी मारतो, कोणी मागे लपून कपडे बदलत असतो, एकाच्या बदल्यात दुसरा दोनदा मोजला जातो. म्हणून नुसता आकडा नको, नावं हवीत. निघताना यादी, निघण्याआधी तीच यादी मोठ्याने वाचायची आणि प्रत्येकाने स्वतःच ‘आहे’ म्हणायचं. नवऱ्याने बायकोचं सांगायचं नाही, मित्राने मित्राचं नाही. मोठ्या बोटींवर आकड्यांचे बिल्ले असतात: पाण्यात जाताना आपला बिल्ला फळीवरून काढून अंगावर अडकवायचा, परत आल्यावर स्वतः लावायचा. फळीवरची रिकामी खुंटी म्हणजे पाण्यातला माणूस.

एका मोठ्या बोटीवर डाइव्ह आणि लहान होडीने किनाऱ्यावरून ने-आण असा प्रकार असेल, तर चूक हमखास तिथेच होते. मोठी बोट म्हणते होडीतून गेला, होडी म्हणते बोटीवरच आहे. अशा वेळी प्रत्येक फेरीत नावं दोन्हीकडे लिहिली गेली पाहिजेत.

वर आल्यावर घरच्यांना हात हलवून टाटा केला तर चालेल का?

कृपा करून करू नका. पाण्यावर एक हात वर करून हलवणं म्हणजे ‘मदत हवी’. सगळं ठीक असेल तर मूठ किंवा बोटं डोक्यावर टेकवायची, किंवा दोन्ही हातांनी डोक्यावर गोल करायचा. बोटीवरच्या काकू-मावश्यांनाही हे आधी सांगून ठेवावं, कारण त्या तिकडून टाटा करतात आणि इकडून हात आपोआप वर जातो. पाच वेळा खोटा टाटा बघितलेला खलाशी सहाव्या वेळी खरी हाक ओळखणार नाही.

सर्टिफाइड डायव्हरने सोबत काय ठेवावं?

निवती किंवा वेंगुर्ला रॉक्सकडे जाणाऱ्यांसाठी हे जास्त महत्त्वाचं, तिथे किनारा लांब असतो आणि ओढा जोरात असू शकतो. एक नॉटचा ओढा म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर, दहा मिनिटांत तुम्ही तीनशे मीटर वाहून जाता. लाटांत एवढ्या अंतरावरून नुसतं डोकं दिसणं कठीण.

म्हणून प्रत्येकाकडे, जोडीत एक नव्हे, प्रत्येकाकडे, फुगवता येणारी उभी केशरी बोया आणि तिची फिरकी (दोरी गुंडाळलेलं रीळ) हवी. ती पाण्याखालूनच सोडायची, म्हणजे तुम्ही वर येण्याआधी बोटीला तुमची जागा कळते आणि दुसरी बोट तिथून जात नाही. पण ती सोडणं आधी उथळ पाण्यात शिकावं. दोरी बोटाला गुंडाळली गेली तर फुगलेली बोया तुम्हालाही वर ओढून नेईल. शिट्टी, छोटा आरसा आणि दिवसाही एक टॉर्च. बोट दिसत नसेल तर तिच्या अंदाजाने पोहत सुटू नका: जॅकेट फुगवा, वजनं सोडा, जोडीदाराला धरून राहा. शोधणारी बोट ओढ्याचा हिशोब करून येते, तुम्ही पोहलात तर तो हिशोब चुकतो.

शिडीवर चढताना काय सांभाळायचं?

खाली दुसऱ्याने थांबायचं नाही. भरलेला अॅल्युमिनियमचा सिलिंडर सोळा-सतरा किलोच्या घरात असतो, आणि चढणाऱ्याचा हात सुटला की तो माणसासकट खालच्याच्या डोक्यावर येतो. एक जण शिडीवर, बाकीचे मागे सोडलेल्या दोरीला धरून. वजनाचा पट्टा आधी वर द्यायचा. फिन्स शिडी हातात आल्यावरच काढायच्या. आधी काढल्या आणि ओढ्याने लांब नेलं तर पोहता येणार नाही.

स्कूबा झालं, ओल्या अंगाला लाइफ जॅकेट टोचतं. परत जाताना काढून ठेवलं तर?

२४ मे २०२२ ला तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. माणसं पाण्याखालून सुखरूप वर आली होती. दिवसाचा तो भाग सगळ्यांना सोपा वाटतो: थकवा, ओले कपडे, फोटो बघण्याची घाई, एका बाजूला झुकून बोलणारा घोळका. लहान बोट एका बाजूला सगळे गेले की फार लवकर कलते. जेटीला पाय लागेपर्यंत जॅकेट अंगात आणि बकल लावलेलं हवं. मांडीवर ठेवलेलं जॅकेट बोट उलटल्यावर शोधता येत नाही. बोटीवर किती माणसांची परवानगी आहे ते बोटीवर लिहिलेलं असतं. त्याहून एक जास्त असेल तरी उतरा.

सकाळ बरी की दुपार?

सकाळ. मतलई (जमिनीकडून येणारा) वारा ओसरलेला असतो आणि खारा (समुद्राकडून येणारा) वारा अजून चढलेला नसतो. दुपारनंतर लाट उठते, बुडबुडे दिसेनासे होतात, शिडी वरखाली आपटते. पावसाळ्यात विषयच नाही. तेव्हा कोणी ‘आतल्या बाजूला घेऊन जातो’ म्हणालं तर जाऊ नका.

बोटीवर आणखी काय असायला हवं?

शुद्ध ऑक्सिजनची नळकांडी आणि ती वापरता येणारा माणूस. डायव्हिंगच्या बहुतेक गंभीर इजांमध्ये पहिला उपचार तोच असतो. ती पेट्रोलच्या डब्यापासून आणि तेलकट हातांपासून लांब. वॉकीटॉकीसारखा व्हीएचएफ रेडिओ असेल तर मदत मागायला चॅनेल १६; नसेल तर चार्ज केलेला फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत. समुद्रातल्या शोध आणि बचावासाठी तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४, आणि ११२ आहेच.

मालदीव किंवा लाल समुद्रात आठवडाभर बोटीवरच राहायचं आहे. तिथे काय बघावं?

रात्री कोण जागं असतं ते विचारा. कॅलिफोर्नियात सांताक्रूझ बेटाजवळ २ सप्टेंबर २०१९ ला ‘कन्सेप्शन’ ही डाइव्ह-बोट पहाटे पेटली आणि खालच्या मजल्यावर झोपलेले ३४ जण गेले. रात्री गस्त घालणारा कोणी नव्हता, आणि बाहेर पडायच्या दोन्ही वाटा वरच्या एकाच, पेटलेल्या खोलीत उघडत होत्या. पहिल्या दिवशी आपल्या खोलीतून दुसऱ्या वाटेने डेकपर्यंत स्वतः चालून बघा. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या रात्रभर चार्जिंगला लावून झोपू नका.

एवढं विचारलं तर बोटवाला चिडणार नाही का?

चांगला तांडेल चिडत नाही, उलट मोकळेपणाने दाखवतो. मात्र बोटीत बसल्यावर आणि पैसे दिल्यावर नको, जेटीवर उभं राहूनच विचारा. आणि रागाने नको, “दादा, पाण्यात गेल्यावर वर कोण बघणार?” इतक्या साधेपणाने. ज्याला याचं उत्तर देता येत नाही, त्याला बाकीचं विचारायची गरज नाही.

नियम मोडणारी बोट दिसली तर तक्रार कुठे?

महाराष्ट्रात प्रवासी बोटींचा परवाना महाराष्ट्र सागरी मंडळाकडे असतो, त्यामुळे मालवणात बंदर कार्यालयात जा. गोव्यात हे काम कॅप्टन ऑफ पोर्ट्स या खात्याचं. बोटीवरचा नोंदणी क्रमांक, तारीख, वेळ आणि फोटो सोबत द्या. ‘एक निळी बोट होती’ यावर कोणाला काही करता येत नाही. त्या क्षणी पाण्यात माणसं असतील तर मात्र कागद नंतर, आधी शेजारच्या बोटींना ओरडून सांगा.